देवमाशाची उजवी बाजू

नीरजा कोरगावकर फेब्रुवारी २०२०मध्ये मेलबर्नला आल्या त्या तीन महिन्यांसाठी. मुलगा यतीन आणि सून कॅरोलिन यांना पहिलं मूल होणार होतं. बाळंतपण आणि त्यानंतरचं थोडं बघायचं आणि मेअखेर पुण्याला परतायचं, असा बेत होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये नात जन्मली, तिचं नाव एमा ठेवलं, आणि नीरजाताईंचा मुक्काम लांबत गेला. व्हिसा एकदा वाढला, मग पुन्हा वाढला. क्रेगीबर्नच्या त्या नव्या वस्तीत सगळी घरं एकाच तोंडवळ्याची, आणि लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. यतीन आयटीत, तो दिवसभर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. कॅरोलिन हॉस्पिटलात नर्स, तिच्या शिफ्टचा काही नेम नाही. बाळ झोपलं की नीरजाताईंना करायला काही उरत नसे, आणि रिकामं बसणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

त्या चौतीस वर्षं पोलिसांच्या अंगुलिमुद्रा केंद्रात तज्ज्ञ होत्या. काचेवर, कपाटाच्या दारावर, चहाच्या कपावर उमटलेले ठसे भिंगाखाली धरायचे, संशयिताच्या ठशांशी एकेक रेषा ताडून बघायची, आणि सही करायची किंवा करायची नाही. एका घरफोडीच्या प्रकरणात त्यांना रेषांचे सातच मुद्दे जुळताना दिसले होते, सहीला ते पुरेसे नव्हते. वरच्या साहेबांनी दोनदा खोलीत बोलावून सांगितलं, माणूस सराईत आहे, सही करून टाका. त्यांनी केली नाही. तो माणूस खरंच चोर होता की नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण सात मुद्द्यांवर सही केली नाही याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही.

देवमाशांचं काम कॅरोलिनने आणलं. ती वसईची, तुस्कानोंची मुलगी, समुद्राच्या बातम्या तिच्या नजरेतून सहसा सुटत नसत. तिच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरची बहीण टास्मानिया बेटावरच्या होबार्टमध्ये देवमाशांच्या फोटोंचा संग्रह सांभाळत होती आणि तिला घरबसल्या फोटो जुळवणारी माणसं हवी होती. कॅरोलिनने ती जाहिरात फोनवर दाखवली आणि म्हणाली, "आई, हे तर तुमचंच काम आहे."

आधी त्यांना ते पटलं नाही. मग फोटो बघितले. सदर्न राइट जातीच्या देवमाशाच्या डोक्यावर जन्मापासून जाड, खरबरीत कातडीचे घट्टे असतात. काही नाकपुड्यांच्या पुढे, काही डोळ्यांच्या वर, काही हनुवटीवर. प्रत्येक माशाचे वेगळे, आणि ते मरेपर्यंत बदलत नाहीत. फोटो मोठा करून बघताना नीरजाताईंची मान आपोआप पुढे झुकली. कॅरोलिनने हे बघितलं आणि त्यांना आपला जुना लॅपटॉप आणून दिला.

होबार्टच्या बाईंचं नाव कॅरेन. तिने चाचणी म्हणून फोटोंच्या चाळीस जोड्या पाठवल्या, कुठल्या एकाच माशाच्या आणि कुठल्या वेगळ्या ते सांगायचं. नीरजाताईंनी दोन दिवसांनी उत्तरं पाठवली. कॅरेनचं उत्तर आलं की एकोणचाळीस बरोबर आहेत. नीरजाताईंनी चाळिसावी जोडी पुन्हा तपासली आणि कळवलं की चूक त्यांची नाही, उत्तरांच्या यादीत आहे, आणि कुठल्या चार ठिकाणी फरक आहे ते बाण काढून दाखवलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, बाण मात्र अचूक होते. दुसऱ्या दिवशी कॅरेनने व्हिडिओ कॉल केला. चूक मान्य केली आणि विचारलं की आठवड्याला किती वेळ देऊ शकाल. नीरजाताई म्हणाल्या, बाळ झोपतं तेवढा सगळा.

असे आठ-नऊ महिने गेले. हे मासे उन्हाळाभर दक्षिणेला, बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन खातात आणि हिवाळ्यात पिल्लं घालायला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला येतात, एवढं त्यांना कॅरेनकडून कळलं होतं. पण मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्यावर येणारी नेमकी कुठली मादी बर्फात नेमकी कुठे जाते, हे सांगता येईल असे फोटो फारच थोडे होते. बर्फाकडे बोटी कमी जातात, आणि गेल्या तरी फोटो काढणाऱ्याच्या मनात ओळख पटवणं नसतं.

मार्च २०२१मध्ये त्यांच्यासमोर असाच एक फोटो आला. २०१०च्या जानेवारीत अंटार्क्टिकाच्या बोटीवरच्या एका खलाशाने कठड्यावरून काढलेला. राखाडी पाणी, मागे हिमनगाचा तुटका कडा, आणि पाण्याबाहेर आलेलं एक डोकं, उजव्या बाजूने. नीरजाताईंना ते डोकं ओळखीचं वाटलं. ओळखीचं वाटणं हा पुरावा नव्हे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चार दिवस संग्रह चाळला आणि त्यांना सत्तेचाळीस नंबर सापडली. ही मादी व्हिक्टोरियातल्याच वॉर्नाम्बूलच्या किनाऱ्याला २०१५मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये पिल्लू घेऊन आली होती. पण तिचे सगळे फोटो डाव्या बाजूचे. डोक्याच्या माथ्यावरची घट्ट्यांची ओळ तेवढी दोन्हीकडे दिसत होती. नीरजाताईंनी मोजलं. पाच मुद्दे जुळत होते.

कॅरेनला आनंद झाला. ती म्हणाली, आपण 'शक्य आहे' अशी नोंद करू. नीरजाताईंनी नको म्हटलं. पाच म्हणजे काहीच नव्हे. एकतर ती तीच आहे किंवा नाही, आणि ते ठरवायला सत्तेचाळीसची उजवी बाजू लागेल. कॅरेन म्हणाली की ती दर तीन वर्षांनी येते, म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात यायला हवी. पण फोटो कोण काढणार? त्यांच्या गटाचं छोटं विमान यंदा उडणार नव्हतं, आणि टास्मानियाची हद्द व्हिक्टोरियासाठी कधी बंद होईल याचा नेम नव्हता. कॅरेनला येता येईल याची खात्री नव्हती.

"मी काढते," नीरजाताई म्हणाल्या.

कॅरेनने विचारलं की तुम्हाला फोटोग्राफी येते का. नीरजाताई म्हणाल्या, घटनास्थळी टेबलावरच्या ग्लासाची येते, पळणाऱ्या वस्तूची शिकावी लागेल.

त्याच महिनाअखेरीला पुण्याहून वाईट बातम्या यायला लागल्या, आणि एप्रिलच्या शेवटी संजीव गेला. संजीव त्यांच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसत होता. त्यांनी जुळवलेला प्रत्येक ठसा तो स्वतंत्रपणे तपासायचा, आणि त्याचा त्या. अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याला बेड मिळाला, पण तीन दिवस उशिरा. ही बातमी त्यांना ऑफिसच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. दोन दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. यतीनला वाटलं, आता आई पुण्याला जायचा हट्ट धरेल, आणि गेली तर परत आणता येणार नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याच्याकडे त्याचा कॅमेरा मागितला.

लेन्स त्याच्या ऑफिसातल्या प्रतापने दिली, लांबच्या पक्ष्यांसाठी घेतलेली, मनगट दुखेल इतकी जड. घराजवळच्या तळ्यावर नीरजाताई रोज तास-दीड तास जायला लागल्या. बाबागाडीत एमा, खांद्याला कॅमेरा. तळ्यातली बदकं डोकं बुडवतात आणि वर काढतात. वर आल्यावर दोन सेकंदांत डोक्याचा फोटो स्वच्छ यायला हवा, हा त्यांनी स्वतःला घातलेला नियम. पहिल्या आठवड्यात फक्त पाणी यायचं. दुसऱ्या आठवड्यात शेपट्या. जूनपर्यंत दहातली सात डोकी डोळ्यासकट स्पष्ट यायला लागली. मास्कमुळे चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरायची, तेव्हा श्वास रोखून बटण दाबायचं, हेही त्या तिथेच शिकल्या.

जूनच्या शेवटी वॉर्नाम्बूलहून खबर आली की सत्तेचाळीस पिल्लासकट आली आहे. कॅरोलिनला सुट्टी मिळेपर्यंत जुलैच्या मध्याला पुन्हा लॉकडाऊन लागला. तो सत्तावीस जुलैच्या मध्यरात्री उठणार असं जाहीर झालं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर नीरजाताईंनी विषय काढला. कॅरोलिनने सांगितलं की तिला शनिवारपासून आठवडाभराची रजा मिळते, ती गाडी चालवेल, एमालाही नेऊ. यतीनला हे मुळीच पसंत नव्हतं. केसेस अजून आहेत, तुझं वय बासष्ट, गुडघे दुखतात, तिथे समुद्रावर वारा कसा असतो तुला माहीत नाही, असं त्याने एकेक करून सांगितलं. शेवटी म्हणाला, "आई, मासा आहे तो. तुझं त्यात काय अडलंय?"

"अडलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण तो कागद माझ्या टेबलावर अर्धा पडलाय. अर्धा कागद मी कधी ठेवला नाही."

यतीन उठून आपलं बर्फात घालायचं जॅकेट घेऊन आला.

शनिवारी दुपारी त्या तिघी वॉर्नाम्बूलला पोचल्या. कॅराव्हॅन पार्कमधली एक केबिन घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नीरजाताई लोगन्स बीचवर होत्या. वाळूच्या टेकाडावर लाकडी मचाण बांधलेलं, समोर दक्षिणेचा समुद्र, आणि त्याच्या पलीकडे थेट बर्फापर्यंत जमीन नाही. वारा कानातून आरपार जात होता. पंजाबी ड्रेसवर यतीनचं जॅकेट, डोक्याला मफलर, हातांत कॅरोलिनचे हातमोजे, बोटांची टोकं कापलेले.

मचाणावर रिकी नावाचा सत्तरीतला माणूस होता. तो दुधाच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता आणि हिवाळाभर रोज सकाळी इथे दुर्बीण घेऊन यायचा. त्याने बोट दाखवलं. तीनशे मीटरवर एक काळी, लांबट वस्तू पाण्याच्या वर आली, तिच्यातून दोन फांद्यांचा फवारा उडाला, आणि तिच्या कुशीला चिकटून एक छोटा फवारा. नीरजाताईंनी मार्चपासून हे डोकं पडद्यावर पाहिलं होतं. आता ते श्वास घेताना ऐकू येत होतं, भात्यातून हवा सुटल्यासारखं. त्यांच्या हातून पहिले कितीतरी सेकंद बटण दाबलंच गेलं नाही.

अडचण लगेच कळली. सत्तेचाळीस किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडे तोंड करून सावकाश जायची. म्हणजे पुन्हा डावी बाजूच. परत यायची ती खोल पाण्यातून, दूरवरून. रिकी म्हणाला की भरतीच्या सुमारास ती कधीकधी आतल्या बाजूने नदीच्या मुखाकडे परतते, तेव्हा थांबा. त्या थांबल्या. कॅरोलिनने थर्मासमधून चहा आणून दिला, एमाला गाडीत झोपवलं. अकराच्या पुढे सत्तेचाळीस वळली आणि पश्चिमेकडे निघाली, उजवी बाजू किनाऱ्याकडे करून. सहा वेळा डोकं वर आलं. नीरजाताईंनी सहाही वेळा टिपलं.

केबिनमध्ये लॅपटॉपवर त्यांनी बर्फातला फोटो एका बाजूला ठेवला, आजचा दुसऱ्या बाजूला, आणि मुद्दे लिहीत गेल्या. सहा, सात, आठ. नाकपुडीच्या पुढचा जोडघट्टा. डोळ्यावरची वाकडी पट्टी. दहा, अकरा. मग त्यांचं पेन थांबलं. बर्फातल्या फोटोत उजव्या नाकपुडीच्या मागे एक लहान, लांबटगोल पांढरा डाग होता. आजच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. सहाही फोटोंमध्ये नव्हतं.

कॅरोलिनने त्यांचा चेहरा बघून विचारलं की काय झालं. नीरजाताईंनी सांगितलं. अकरा जुळतात, एक जुळत नाही. आणि ठशांच्या कामात एका फरकाचं कारण देता आलं नाही, तर बाकीचे कितीही जुळले तरी ते मोडीत निघतात.

"मग आता?"

"मग आता तो फरक खरा आहे का ते बघायचं. खरा असेल तर ही ती नाही, आणि तसं लिहून द्यायचं."

संध्याकाळी कॅरेनशी बोलणं झालं. कॅरेनलाही फरक दिसला, आणि तिचा आवाज उतरला. पण नीरजाताई दुपारभर दुसराच विचार करत होत्या. घट्टे मुळात पांढरे नसतात, राखाडी असतात. पांढरा रंग येतो तो त्यांच्यावर दाटीवाटीने राहणाऱ्या बारीक उवांमुळे, आणि उवा जागा सोडून जाऊ शकतात. कातडीचा उंचवटा जात नाही. त्यांनी कॅरेनला विचारलं की हे बरोबर आहे ना. कॅरेन म्हणाली, बरोबर आहे, पण उवा नसलेला छोटा उंचवटा काळ्या कातडीवर एवढ्या लांबून दिसणार कसा?

तिरप्या उजेडात, नीरजाताई म्हणाल्या. टेबलाच्या काचेवरचा धुळीतला ठसा वरून दिवा धरला तर दिसत नाही, पण टॉर्च काचेला टेकवून आडवा धरला की एकेक रेष सावली टाकते. तसंच इथे. सकाळी सूर्य पाण्याला टेकलेला असताना, मादी पश्चिमेकडे जात असेल, तर ऊन तिच्या मागून डोक्यावरून घासत येईल. उंचवटा असेल तर त्याच्या पुढे सावली पडेल. नसेल तर पडणार नाही.

कॅरेन म्हणाली की पन्नास वर्षांच्या संग्रहात हे कुणाला सुचलं नव्हतं, असं निदान तिला तरी आठवत नाही. आणि यासाठी तुम्हाला तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: सकाळचं ऊन, पश्चिमेकडे जाणारी मादी आणि वर उचललेलं डोकं.

"माझ्याकडे पाच सकाळी आहेत," नीरजाताई म्हणाल्या.

सोमवारी पाऊस होता. मंगळवारी आकाश राखाडी, मादी जवळ होती, उजवी बाजू दोनदा दिसली, पण उजेड सगळीकडून सारखा, सावली कुठेच नाही. त्यांनी तरीही साडेसातपासून साडेदहापर्यंत मचाण सोडलं नाही. गुडघा इतका आखडला की पायऱ्या उतरताना रिकीने हात दिला. बुधवारी पहाटे आकाश निवळलं, ऊन निघालं, आणि सत्तेचाळीस दिसलीच नाही. रिकीने दोन्ही टोकांपर्यंत दुर्बीण फिरवली. कदाचित शेजारच्या खाडीत गेली असेल, तो म्हणाला, या वेळेला कधीकधी निघूनही जातात. नीरजाताईंनी मान हलवली आणि समुद्राकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी यतीनचा फोन आला. मेलबर्नमध्ये नव्या केसेस निघाल्या होत्या, पुन्हा लॉकडाऊन लागेल असं सगळे म्हणत होते. त्याने सांगितलं, उद्या पहाटेच निघा. लागला तर तिथे अडकाल, पुढच्या आठवड्यात कॅरोलिनची ड्युटी आहे. फोन कॅरोलिनच्या हातात होता. तिने सासूकडे बघितलं.

"उद्या सकाळी दहापर्यंत मी तिथे उभी राहणार," नीरजाताई म्हणाल्या. "दहाला निघू. ती आली नाही तर आली नाही."

यतीन म्हणाला की दहाच्या पुढे एक मिनिटही नाही. कॅरोलिनने त्याला सांगितलं की बॅगा आत्ताच भरून ठेवते.

गुरुवारी पाच ऑगस्टला त्या पावणेसातला मचाणावर चढल्या. अंधार नुकता विरत होता. पूर्वेला क्षितिजाजवळ ढगांची एक पट्टी, वर आकाश मोकळं. रिकी आधीच आलेला. त्याने दुर्बीण न काढता नुसती मान डावीकडे वळवली. पूर्वेकडे, किनाऱ्याच्या अगदी जवळ, लाटा फुटतात त्याच्या जेमतेम पलीकडे, दोन फवारे उडाले. मोठा आणि छोटा.

सूर्य ढगांच्या पट्टीतून सव्वाआठला सुटला. सत्तेचाळीस तेव्हा जागेवर होती, पिल्लाला अंगावर लोळू देत, पाठ फक्त वर. नीरजाताईंनी कॅमेरा कठड्यावर टेकवला. वाफ धरू नये म्हणून मास्कची वरची पट्टी चिकटपट्टीने नाकाला चिकटवली होती. दहा मिनिटं गेली. ऊन हळूहळू वर सरकत होतं, आणि जितकं वर जाईल तितकी सावली आखूड होणार होती. वीस मिनिटं गेली. कॅरोलिन एमाला कडेवर घेऊन मागे उभी होती.

मग पिल्लू पश्चिमेकडे सुटलं, आपलं आपण, खेळत. आई त्याच्या मागे वळली. ती पाण्याखाली गेली, आणि नीरजाताईंनी कॅमेरा तिच्या पुढे, जिथे ती वर येईल असं वाटलं त्या जागेवर धरला, बदकांसाठी धरायच्या तसा. डोकं वर आलं. उजवी बाजू, नाकपुड्यांपर्यंत पूर्ण बाहेर, मागून आलेलं ऊन त्याच्यावरून वाहत गेलेलं. त्यांनी श्वास रोखून बटण दाबून धरलं. डोकं खाली गेलं. पुन्हा एकदा वर आलं, थोडं दूर. मग ते दोन्ही मासे नदीच्या मुखाकडे गेले आणि उजेड पांढरा झाला.

त्यांनी तिथेच, कठड्याला टेकून, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो मोठा केला. नाकपुडीच्या मागे, काळ्या कातडीवर, नखाएवढी एक लांबटगोल कडा दिसत होती आणि तिच्या पुढे तेवढीच बारीक सावली. त्यांनी दुसरा फोटो बघितला. त्यातही होती. त्यांनी कॅमेरा कॅरोलिनकडे दिला आणि बाकावर बसल्या.

रिकीने विचारलं, मिळालं का. त्या म्हणाल्या, मिळालं असं वाटतंय, पण ते मी ठरवायचं नाही.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी गाडी निघाली. कॅरोलिनने वाटेत कुठेही गाडी थांबवली नाही, एका पेट्रोल पंपावर सोडून. त्या क्रेगीबर्नला पोचल्या आणि थोड्याच वेळात टीव्हीवर जाहीर झालं की आज रात्री आठपासून सगळ्या राज्यात लॉकडाऊन.

नीरजाताईंनी पत्र लिहायला दोन दिवस घेतले. बारा मुद्दे, प्रत्येकाला बाण, आणि बाराव्यासाठी वेगळं पान, त्यात ऊन कुठून येत होतं त्याची आकृती. खाली एक विनंती होती. कॅरेनने हे तपासू नये, कारण तिला उत्तर आधीच माहीत आहे. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाकडे दोन्ही फोटो पाठवावेत, इतर माशांच्या फोटोंत मिसळून, नंबर काढून. संजीव असता तर हे सांगावं लागलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं, पण पत्रात त्यांनी ते लिहिलं नाही.

कॅरेनने तसंच केलं. न्यूझीलंडमधल्या एका माणसाला वीस डोकी पाठवली. तीन आठवडे काहीच आलं नाही. क्रेगीबर्नमध्ये तेच पाच किलोमीटर, तोच तळ्याचा फेरा. नीरजाताईंनी त्या तीन आठवड्यांत इतर एकशे दहा जोड्या तपासून टाकल्या.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मेल आली. न्यूझीलंडच्या माणसाने वीस डोक्यांतून एकच जोडी बाजूला काढली होती, बर्फातली आणि वॉर्नाम्बूलची. कारण देता येणार नाही असा फरक एकही नाही. संग्रहात आता त्या दोन नोंदींची एक नोंद झाली होती, आणि नकाशावर अंटार्क्टिकाच्या त्या बिंदूपासून लोगन्स बीचपर्यंत एक रेघ ओढलेली होती. खाली फोटोग्राफरची नावं होती, एक त्या खलाशाचं आणि एक त्यांचं. नीरजाताईंनी मेल दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, आणि कॅरोलिन ड्युटीवरून आल्यावर तिला आधी सांगितली. कॅरोलिनने त्यांना मिठी मारायच्या आधी सवयीने हात सॅनिटाइझ केले, आणि मग दोघी हसल्या.

यतीन वरून खाली आला. त्याने मेल वाचली, नकाशा बघितला, आणि मग जरा संकोचून म्हणाला की मला अजूनही दोन्ही फोटोंत काय सारखं आहे ते दिसत नाही. दोन काळी डोकी दिसतात.

नीरजाताईंनी त्याला खुर्ची ओढून दिली. बाण नसलेले फोटो उघडले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि हातात कागद-पेन दिलं. काही सांगणार नाही, त्या म्हणाल्या, शोध. तो बसला. पहिली दहा मिनिटं त्याला काहीच सापडलं नाही आणि तो उठायला लागला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याला जोडघट्टा दिसला. मग डोळ्यावरची पट्टी. एमा त्याच्या पायाशी पेनाचं टोपण चावत बसली होती. तासाभराने त्याने कागद पुढे सरकवला.

"नऊ," तो म्हणाला.

"अजून तीन आहेत," नीरजाताई म्हणाल्या. "बस."